दातांच्या डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलताना

१९८५ साली शेफील्ड विद्यापीठातील जेरी केंट यांनी ‘पेन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. दातांच्या डॉक्टरांकडे आलेल्या रुग्णांना त्यांनी एकच गोष्ट तीन वेळा विचारली होती. उपचारापूर्वी विचारले, की किती दुखेल असे वाटते. उपचार संपल्याबरोबर विचारले, की किती दुखले. आणि तीन महिन्यांनंतर विचारले, की त्या दिवशी किती दुखले होते ते आठवून सांगा. तिसरे उत्तर दुसऱ्याशी जुळेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार, कारण स्वतः सोसलेली वेदना माणूस बरोबर लक्षात ठेवतो असे आपण धरून चालतो. पण तीन महिन्यांनंतरचे उत्तर उपचारापूर्वी केलेल्या अंदाजाशी अधिक जुळत होते, आणि ज्यांना मुळातच फार भीती वाटत होती त्यांच्या बाबतीत हे विशेष ठळकपणे दिसले.

याचा अर्थ असा, की घाबरलेला माणूस मनाचा हिय्या करून दवाखान्यात जातो, तिथे त्याला वाटले होते त्याहून बरेच कमी दुखते, तो हायसे वाटून घरी येतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या दिवसाची त्याच्या मनातली नोंद हळूहळू जुन्या भीतीच्या मापाची होऊन बसते. पुढे कधीतरी तो ‘मला अनुभव आहे’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्या अनुभवात त्याच्या स्वतःच्या अंदाजाचा वाटा फार मोठा असतो. मी स्वतः दातांच्या खुर्चीला घाबरणाऱ्यांपैकीच एक आहे, आणि वेदनेच्या मानसशास्त्रावर जे काही हाती येईल ते वाचण्याची सवय मला त्यामुळेच लागली. त्या सगळ्या वाचनात केंट यांच्या या निष्कर्षाइतके मला दुसऱ्या कशानेही अस्वस्थ केलेले नाही, कारण ‘एकदा जाऊन ये, म्हणजे भीती मोडेल’ हा आपल्याकडे घरोघरी दिला जाणारा सल्ला त्यामुळे बराच लंगडा पडतो.

नेदरलँड्समधील आर्नाउड आर्न्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये याच प्रश्नाचा पुढचा भाग तपासला. त्यांच्या रुग्णांनीही प्रत्यक्षापेक्षा जास्त वेदनेचा अंदाज केला होता, आणि जो जितका भित्रा तितका त्याचा अंदाज अधिक चुकला होता. महत्त्वाचे हे, की भित्र्या रुग्णांचा अंदाज एका सुखरूप भेटीने सुधारत नव्हता. तो ताळ्यावर येण्यासाठी त्यांना इतरांपेक्षा अधिक वेळा ‘वाटले होते तितके दुखले नाही’ हे अनुभवावे लागत होते. यात मला काही आश्चर्य वाटत नाही. ज्याला भीती वाटते तो सुखरूप भेटीचे श्रेय चटकन दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकतो: आज नशीब बरे होते, दाढ सोपी होती, डॉक्टर नवे होते आणि हळुवार होते. दुखले, तर मात्र ते दुखणे दातांच्या डॉक्टरांच्या नावावर कायमचे जमा होते.

अशा अभ्यासांसाठी भीती मोजण्याचे साधन लागते, आणि ते अमेरिकेतील बफेलो येथील नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये तयार केले. त्यांच्या प्रश्नावलीत चारच प्रश्न होते. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. तुम्ही बाहेर बसून पाळीची वाट पाहत आहात. तुम्ही खुर्चीत आहात आणि डॉक्टर दात कोरण्याचे मशीन तयार करत आहेत. दात साफ करायचे आहेत आणि डॉक्टर अवजारे बाहेर काढत आहेत. या चार प्रसंगी तुम्हाला कसे वाटेल, ते पाच पायऱ्यांपैकी एक निवडून सांगायचे, आणि बेरीज ४ ते २० यांच्या दरम्यान कुठे येते ते पाहायचे. १९९५ मध्ये जेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी त्यात हिरडीतील इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला. आता बहुतेक ठिकाणी हीच सुधारित प्रश्नावली वापरतात आणि २५ पैकी १९ किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर ती तीव्र भीती समजतात. प्रश्नावली वाचताना माझ्या असे लक्षात आले, की तिच्यातल्या एकाही प्रश्नात दाढ प्रत्यक्ष कोरली जात नाही. सगळे प्रश्न उद्याचे, बाहेरच्या बाकाचे, आता काहीतरी होणार आहे अशा क्षणांचे आहेत. कोरा यांना नेमके कुठे पाहायचे ते ठाऊक होते.

२००९ साली इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे झालेल्या प्रौढांच्या दंतआरोग्य पाहणीत १२ टक्के लोक या १९ गुणांच्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे होते. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कोणत्या ना कोणत्या प्रमाणात भीती असलेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आणि अतितीव्र भीती असलेल्यांचे सुमारे ३ टक्के निघाले. स्त्रियांमध्ये आणि तरुणांमध्ये ते अधिक होते. जाता जाता सांगते, की अशी प्रश्नावली हातात दिली तर रुग्ण आणखी घाबरेल ही डॉक्टरांची शंकाही तपासून झाली आहे, आणि ती खरी ठरलेली नाही.

ही भीती येते कुठून, या प्रश्नाचे पहिले उत्तर सगळ्यांनाच सुचते: लहानपणी कधीतरी फार दुखलेले असते. पण ज्यांना लहानपणी खूप दुखले आणि तरीही भीती बसली नाही अशी माणसेही भरपूर आहेत, आणि संशोधकांना या माणसांचेच कुतूहल वाटले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये या दोन गटांची तुलना केली. त्यांना असे आढळले, की ज्यांच्या वाट्याला दुखऱ्या भेटीच्या आधी न दुखणाऱ्या अनेक भेटी आलेल्या होत्या, त्यांच्यात ती एक वाईट भेट भीती रुजवू शकली नव्हती. प्राण्यांवरील प्रयोगांत ही गोष्ट आधीपासून माहीत होती: जी खूण अनेकदा निरुपद्रवी ठरलेली आहे, तिचा धोक्याशी संबंध नंतर सहजासहजी जुळत नाही. नेदरलँड्समध्ये आड द याँग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केलेल्या अभ्यासातूनही याच दिशेचे निष्कर्ष निघाले.

हे वाचताना मला आपल्याकडच्या रिवाजाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आपल्या बहुतेक घरांत दातांच्या डॉक्टरांची आणि मुलाची पहिली गाठ दाढ ठणकायला लागल्यावर, रात्र रडून काढल्यावर, गाल सुजल्यावर पडते. दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यासाठी कशाला डॉक्टर, असे आजी म्हणते आणि आईवडिलांना ते पटते. म्हणजे ज्या निरुपद्रवी भेटींचा पुढे आधार मिळायला हवा, त्या झालेल्याच नसतात आणि पहिल्याच भेटीत इंजेक्शन, मशीन आणि कधी कधी दाढ काढणे हे सगळे एकदम येते. भीती रुजवायची असे कोणी ठरवले असते, तरी याहून चांगली तजवीज झाली नसती.

वेदनेइतकाच डॉक्टरांच्या वागण्याचाही यात हात असतो. डग्लस बर्नस्टाइन, रॉनल्ड क्लाइनक्नेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७९ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून त्यांच्या लहानपणच्या दंतोपचारांविषयी लिहून घेतले. दुखल्याच्या आठवणी भीती नसलेल्यांच्या लिखाणातही होत्या. मात्र त्यांचे डॉक्टर त्यांना आपुलकीने वागणारे म्हणून आठवत होते, तर भीती असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचे वर्णन कोरडे, घाई करणारे, पर्वा नसलेले असे केले होते. घरातली भीतीही मुलांपर्यंत पोहोचते. स्पेनमध्ये २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात आईची भीती मुलापर्यंत जाण्याच्या वाटेवर वडिलांची भूमिका निर्णायक दिसली, आणि आईच्या घाबरटपणालाच सगळा दोष देण्याची आपली सवय पाहता ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली.

ऑस्ट्रेलियातील जेसन आर्मफील्ड यांनी २००६ पासून मांडलेली भूमिका मला सर्वांत पटते. त्यांच्या मते एखादी वाईट घटना घडली होती की नाही याच्यापेक्षा माणूस त्या परिस्थितीकडे कसा पाहतो यावरून त्याच्या भीतीचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, आणि त्या पाहण्याला चार पैलू असतात: हे माझ्या हातात नाही, पुढे काय होईल ते सांगता येत नाही, यात मला इजा होऊ शकते, आणि हे किळसवाणे आहे. दातांच्या खुर्चीत हे चारही पैलू एकत्र येतात, असा योग इतरत्र क्वचितच जुळतो. माणूस उताणा झोपलेला, तोंड उघडे, त्यामुळे बोलता येत नाही, डोळ्यांवर दिवा, जे चालले आहे ते स्वतःच्याच शरीरात पण स्वतःला न दिसणारे, लाळ, रक्त, पाण्याचा फवारा, आणि पुढच्या सेकंदाला कळ येणार आहे की नाही ते फक्त वाकून उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक, तेही नक्की नाही. अशा जागी न घाबरणाऱ्या ८५ टक्के लोकांचेच मला खरे तर नवल वाटते.

भीतीपेक्षा टाळाटाळीबद्दल अधिक लिहायला हवे, कारण दात भीतीने किडत नाहीत, टाळाटाळीने किडतात. स्वीडनमधील ग्योटेबोर्ग येथील उल्फ बेर्ग्रेन यांनी १९८४ मध्ये याचे एक चक्र मांडले आणि ते आजही वापरात आहे. भीतीमुळे माणूस जाणे टाळतो. टाळल्यामुळे दात बिघडतात. बिघडलेल्या दातांची लाज वाटू लागते आणि आपण दुर्लक्ष केले ही अपराधी भावना येते. आणि आता डॉक्टरांपुढे तोंड उघडायचे म्हणजे वेदनेच्या भीतीत नाचक्कीच्या भीतीची भर पडते. आर्मफील्ड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील पाहणीवरून दाखवले, की ज्यांना भीती अधिक होती ते उशिरा जात होते, त्यांना उपचारांची गरज अधिक होती, आणि ते दुखू लागल्यावरच जात होते.

या चक्रातली लाज मला फार महत्त्वाची वाटते. बफेलोमधल्याच एलियट गेल यांनी १९७२ मध्ये दंतोपचारातील वेगवेगळ्या प्रसंगांना लोक किती घाबरतात त्याचा क्रम लावला होता. दात उपटणे आणि कोरण्याचे मशीन ही नावे त्यात वर असणार हे उघडच होते. पण ‘तुमचे दात खराब आहेत’ असे डॉक्टरांनी सांगणे हाही प्रसंग त्या यादीत बराच वरच्या स्थानावर होता. त्यात ना सुई आहे ना कळ, नुसते एक वाक्य आहे. डेन्मार्कमधील रॉड मूर यांनी २००४ मध्ये तीव्र भीती असलेल्या रुग्णांशी सविस्तर बोलून जे लिहिले, त्यात हसताना तोंडावर हात धरणारी, माणसांत मिसळणे कमी केलेली, दातांचा विषय निघाला की उठून जाणारी माणसे भेटतात. आपल्याकडे खुर्चीत बसल्याबरोबर ऐकू येणारे ‘इतके दिवस काय करत होतात?’ हे वाक्य बहुतेक वेळा डॉक्टर काळजीपोटीच म्हणत असतील. पण जो सहा वर्षांनी धीर करून आला आहे, त्याला त्या वाक्यातून न येण्याचे आणखी एक कारण मिळते, आणि मग तो सातव्या वर्षी येत नाही.

टाळाटाळ टिकते कशी, याचे उत्तर वर्तनवादी मानसशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ‘उद्या येत नाही’ असा फोन करून ठेवला, की त्याच क्षणी जीव भांड्यात पडतो. आणि ज्या कृतीनंतर लगेच बरे वाटते ती कृती पुन्हा करावीशी वाटते. दात बिघडण्याची शिक्षा काही महिन्यांनी मिळते, सुटकेचे बक्षीस ताबडतोब मिळते. इथपर्यंतचे स्पष्टीकरण उंचीच्या किंवा विमानाच्या भीतीलाही लागू पडते. दातांचे वैशिष्ट्य असे, की इथे शरीरही टाळाटाळीला बक्षीस देते, आणि हा भाग मानसशास्त्राच्या लेखांत मला पुरेसा वाचायला मिळालेला नाही.

कीड दाताच्या आतल्या मगजापर्यंत पोहोचली, की तिथे सूज येते. मगज चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असल्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते, आणि दाढ रात्र रात्र ठणकते. माणूस लवंग धरतो, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतो, औषधाच्या दुकानातून गोळी आणतो. लवंगेतील युजेनॉल खरोखरच थोडेफार बधिर करते, त्यामुळे त्याला आराम पडतो. काही दिवसांनी आतला मगज मरतो आणि ठणका एकाएकी थांबतो. माणसाला वाटते, बरे झाले गेलो नाही ते, दाढ आपली आपण बरी झाली. खरे तर आतले जिवंत ऊतक मेलेले असते, आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत असतो, जो पुढे कधीतरी गळवाच्या रूपाने वर येतो. पण त्या सगळ्या काळात टाळाटाळ करणाऱ्याच्या पदरी ‘न जाता बरे वाटले’ असा एक अस्सल अनुभव पडलेला असतो. त्याच्याशी वाद घालणे फार कठीण असते, कारण त्याने पाहिलेले खरेच असते. त्यात ‘वरची दाढ काढली की डोळे अधू होतात’ यासारखी समजूत मदतीला असतेच. दातांच्या संवेदना वाहून नेणारी चेता आणि दृष्टीची चेता या अगदी वेगळ्या आहेत, हे कितीही सांगितले तरी न जाण्यासाठी कारण शोधणाऱ्याला ते नकोच असते.

यापेक्षाही वाईट भाग पुढे आहे. ज्या दाढेचा मगज तीव्र सुजलेला असतो, ती नीट बधिर होत नाही. सुजलेल्या ऊतकात आम्लता वाढते, त्यामुळे भुलीच्या औषधाचा चेतातंतूच्या आत शिरू शकणारा अंश कमी होतो. शिवाय सुजेमुळे ते तंतू अधिक संवेदनशील झालेले असतात. खालच्या दाढांच्या बाबतीत हा त्रास विशेष होतो, आणि दंतवैद्यकात ही सर्वज्ञात अडचण आहे. तेव्हा जो माणूस ‘फार दुखेल’ या भीतीने दुखणे अगदी असह्य होईपर्यंत थांबतो, तो नेमका अशा दिवशी खुर्चीत येऊन बसतो, की ज्या दिवशी त्याला खरोखरच इतरांपेक्षा जास्त दुखण्याची शक्यता असते. त्याचा अंदाज एरवी चुकीचा असता. त्याच्या टाळाटाळीने तो बरोबर ठरवला. आणि केंट यांच्या रुग्णांची स्मृती जर सौम्य भेटीलासुद्धा भीतीच्या मापाची करत होती, तर ही भेट कशी लक्षात राहील याची कल्पना करता येते.

भीतीमुळे वेदना वाढते असे म्हटले, की अनेकांना ते ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकू येते आणि राग येतो. हा राग रास्त आहे, पण मनामुळे वाढलेली वेदना खरी नसते या जुन्या समजुतीवर तो आधारलेला आहे; आणि ती समजूत मोडण्यात अक्कलदाढांचा मोठा वाटा आहे. अक्कलदाढ काढल्यानंतरची वेदना संशोधकांना सोयीची असते: ती निरोगी तरुण माणसांना होते, कधी सुरू होणार ते ठाऊक असते आणि काही तासांत ती वाढत जाते. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अशा रुग्णांना वेदनाशामक म्हणून औषध नसलेले इंजेक्शन दिले. काहींना त्याने आराम पडला. मग त्यांना नालोक्झोन दिले, जे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखते, तेव्हा आराम पडलेल्यांची वेदना पुन्हा वाढली. आरामाच्या अपेक्षेने शरीरातच वेदनाशामक द्रव्ये स्रवत असावीत आणि नालोक्झोनने त्यांची वाट अडवली असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. अपेक्षेला रसायनशास्त्र असते हे तेव्हापासून गंभीरपणे घेतले जाऊ लागले.

१९८५ मध्ये रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मला त्याहून विलक्षण वाटतो. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना सांगितले होते, की तुम्हाला वेदनाशामक मिळेल, किंवा औषध नसलेले इंजेक्शन, किंवा नालोक्झोन, ज्याने वेदना वाढू शकते. डॉक्टरांना मात्र माहीत होते, की एका टप्प्यात वेदनाशामक कोणालाच मिळण्याची शक्यता नाही आणि दुसऱ्या टप्प्यात ती शक्यता आहे. दोन्ही टप्प्यांत औषध नसलेले इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा ज्या टप्प्यात डॉक्टरांना आशा होती त्यातल्या रुग्णांची वेदना कमी झाली होती आणि आशा नसलेल्या टप्प्यातल्या रुग्णांची वाढली होती. रुग्णांना दिलेली माहिती एकच होती आणि इंजेक्शनही एकच होते. फरक डॉक्टरांच्या मनात होता आणि तो चेहऱ्यातून, आवाजातून, कशातून तरी रुग्णापर्यंत पोहोचला. ‘काही दुखणार नाही हं’ असे घाईघाईने म्हणणाऱ्या डॉक्टरांचा हात जर सावध होऊन थबकलेला असेल, तर रुग्ण कशावर विश्वास ठेवतो ते यावरून कळावे.

उपचारांच्या बाबतीत मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण मूळ तत्त्व वर येऊन गेले आहे. बेशुद्धी किंवा गुंगीचे औषध देऊन काम उरकणे हा पहिला सुचणारा मार्ग असतो, आणि तातडीच्या वेळी तो योग्यही असतो. जर्मनीमध्ये टॉम, झार्टोरी आणि योरेन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दातांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, तीव्र भीती असलेल्या ५० रुग्णांचे गट केले होते. एका गटाला शस्त्रक्रियेआधी गुंगीची गोळी दिली. दुसऱ्याला एक मानसोपचाराची बैठक आणि आठवडाभर घरी करायचा सराव दिला. तिसऱ्याला नेहमीच्या बधिर करण्याच्या इंजेक्शनखेरीज काहीच दिले नाही. त्या दिवसापुरते गोळीनेही काम झाले आणि बैठकीनेही. मात्र पुढचे राहिलेले उपचार करून घ्यायला बैठकीच्या गटातले ७० टक्के रुग्ण परतले, गोळीच्या गटातले २० टक्के आणि तिसऱ्या गटातले १० टक्के. गुंगीत असलेल्या माणसाला ‘मला वाटले होते तितके दुखले नाही’ हे शिकायला मिळत नाही, इतकाच त्याचा अर्थ मी घेते. जे झाले ते गोळीने झाले, त्याने स्वतः केले नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजशी संलग्न गाइज रुग्णालयात तीव्र भीती असलेल्यांसाठी मानसशास्त्रज्ञ विचार-वर्तन उपचार, म्हणजे भीतीमागचे विचार आणि टाळण्याची सवय बदलण्याचे उपचार, करतात, आणि तिथल्या १३० रुग्णांचा वृत्तान्त २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७९ टक्के रुग्णांना पुढे गुंगीच्या औषधाशिवाय दंतोपचार घेता आले. केवळ ६ टक्क्यांना गुंगीची गरज पडली. असा विभाग आपल्या जिल्ह्याच्या गावी उघडेल ही आशा मला नाही. पण त्यातल्या काही गोष्टींना विभाग लागत नाही. हात वर केला की डॉक्टर थांबतील, असे आधी ठरवणे आणि पहिल्याच वेळी डॉक्टरांनी खरोखर थांबून दाखवणे, यामुळे ‘हे माझ्या हातात नाही’ हा आर्मफील्ड यांचा पहिला पैलू पुष्कळ बोथट होतो. आता थंड लागेल, आता दाब जाणवेल, आता दहा सेकंद आवाज येईल, असे सांगत जाणे हे दुसऱ्या पैलूसाठी. यात अट एकच, की सांगितलेले खरे असले पाहिजे. ‘अजिबात दुखणार नाही’ असे आश्वासन देऊन एकदा कळ आली, की पुढची सगळी आश्वासने वाया जातात. ‘मुंगी चावल्यासारखे वाटेल, मग बधिर होईल, आणि तरी दुखले तर मी आणखी औषध देईन’ हे कमी आकर्षक वाक्य अधिक काळ टिकते. सुई टोचून झाल्यावर बधिरपणा आला आहे का ते तपासण्यासाठी पुरेसा वेळ थांबणे ही तर मानसशास्त्राची बाबही नाही, तरी गर्दीच्या दवाखान्यांत सर्वांत आधी तिच्यावरच काट मारली जाते.

मुलांच्या बाबतीत तर स्मृतीवरही काम करता येते, असे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. सहा ते नऊ वर्षांच्या घाबरट मुलांपैकी काहींना दुसऱ्या भेटीच्या वेळी पहिल्या भेटीतला त्यांचा स्वतःचा हसरा फोटो दाखवला, तू त्या दिवशी कसा धीराने बसला होतास ते आईवडिलांना सांग असे म्हटले, आणि नेमके काय जमले होते त्याचे एखादे उदाहरण काढून दिले. या मुलांची दुसरी भेट इतर मुलांपेक्षा शांतपणे पार पडली. फोटो खराच होता आणि धीरही खराच होता. काळाबरोबर भीतीच्या बाजूने झुकणारी आठवण वेळेवर सावरून धरली, एवढेच त्यांनी केले. मोठ्यांच्या बाबतीत हेच काम कागदावर करता येईल असे मला वाटते: आत जाण्यापूर्वी दहापैकी किती दुखेल असे वाटते तो आकडा लिहायचा, बाहेर आल्यावर किती दुखले तो लिहायचा, आणि पुढच्या वेळी अपॉइंटमेंट घेण्याआधी दोन्ही पाहायचे. डॉक्टरांच्या फायलीत हे दोन आकडे असायला काहीच हरकत नाही, कारण एरवी त्या फायलीत रुग्णाचे नाव, वय, मधुमेह आणि राहिलेले पैसे हे सगळे असतेच.